माफ करायला मला कुणी विचारलंच नाही

या पानावर महूच्या जुन्या आठवणी लिहिणारे बरेच जण आहेत. मेन स्ट्रीट, ड्रीमलँड, पातालपानीच्या सहली, थंडीतल्या सकाळचे पोहे-जलेबी, सगळं वाचते आणि मन भरून येतं. आज मी लिहिणार आहे ती आठवण तेवढी गोड नाही. आमच्या घरातलं एक जुनं दुखणं आहे आणि त्यावरून माझं एक मतही आहे. पटलं नाही तर मोकळेपणानं सांगा.

आमचं घर गोकुलगंजमध्ये. आजोबा नगर जिल्ह्यातले, एमईएसच्या नोकरीत महूला आले आणि इथलेच झाले. महूत मराठी माणूस कसा आला, असं पुण्यातले नातेवाईक अजून विचारतात. त्यांना सांगावं लागतं, की 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर ही छावणी वसली आणि पलटणीबरोबर मराठी माणूसही येत गेला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ इथंच लष्करी शाळेत शिकवत होते, म्हणून तर 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब महूत जन्मले. आम्हा ख्रिस्ती लोकांचं म्हणाल, तर 1877 साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदूर-महूला आले. पण आमच्या घरची भक्ती खरी नगरची. टिळकांची भजनं, पेटी आणि रात्री जेवणाआधी प्रार्थना. नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे. शेजारच्या घरांतून दिवाळीला ताट यायचं, आमच्याकडून नाताळला जायचं.

आता मूळ गोष्ट.

माझे धाकटे काका हुशार, गोड बोलणारे, आजीचे लाडके. 1971 साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरवलं. एका पेढीवरून चार हजार रुपये कर्ज घेतलं आणि जामीन राहिले माझे बाबा. दुकान आठ महिने चाललं. मग एका सकाळी काका घरात नव्हते. मुंबईला गेले असं पंधरा दिवसांनी कळलं. ना पत्र, ना निरोप. पेढीचा माणूस बाबांच्या दारात.

त्या काळी बाबांच्या पगारात चार हजार म्हणजे डोंगर. पाच वर्षं ते फेडत होते. पहिला मोठा हप्ता कसा भरला, हे आम्हा मुलांना कळलं नाही. आईच्या हातात तेव्हापासून काचेच्या बांगड्या दिसू लागल्या, एवढंच लक्षात आहे.

1978 चा डिसेंबर. मी बारा वर्षांची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी छोटी लाईनच्या गाडीनं काका आले. मुंबईहून खांडवा आणि खांडव्याहून मीटर गेज. हातात एक पत्र्याची पेटी आणि पानात बांधलेला कालाकुंडचा कलाकंद. बारीक झाले होते. दारात उभे राहिले, आत येईनात. आजीनं त्यांना पाहिलं, उठली, पाण्याचा तांब्या घेऊन गेली आणि हाताला धरून आत आणलं. एक प्रश्न विचारला नाही. "आधी जेव," म्हणाली.

बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. महूची डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीत आहेच. अंगावर नुसता स्वेटर. आई बोलवायला गेली, आले नाहीत. दादा गेला, आले नाहीत. शेवटी आजी काठी टेकत बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. मी दाराआड उभी होते. आजी म्हणाली, "तू फेडलंस, मला ठाऊक आहे. त्याला काय बोलायचं ते आत येऊन बोल. पण तुझ्याशिवाय मी ताट वाढणार नाही."

बाबा आत आले. बोलले काही नाहीत. जेवताना भाजीचं भांडं काकांकडे सरकवलं, बस. आजीनं रात्री प्रार्थनेत प्रभूच्या कृपेबद्दल आभार मानले आणि रडली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सगळे म्हणाले, अगदी उधळ्या पुत्राची गोष्ट घडली तुमच्या घरी! पाळकसाहेबांनी पुढच्या उपदेशात नाव न घेता तो प्रसंग सांगितलासुद्धा. आम्हाला अभिमान वाटला. मीही पुढं कितीतरी वर्षं संडे स्कूलच्या मुलांना ही गोष्ट सांगायचे: देवाची कृपा कशी असते? माझ्या आजीसारखी.

मग 2009 साली बाबा गेले. त्यानंतरच्या एका दुपारी मी आईजवळ बसून तीच गोष्ट माझ्या मुलीला रंगवून सांगत होते. आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या चार बांगड्या गेल्या त्या कर्जात. माझ्या आईनं दिलेल्या. सासूबाईंनी माफ केलं, यांनी माफ केलं, चर्चनं टाळ्या वाजवल्या. माफ करायला मला कुणी विचारलंच नाही."

मंडळी, मी गप्प झाले. एकतीस वर्षं मी ती गोष्ट सांगत होते आणि जिच्या हातातलं सोनं गेलं तीच माझ्या गोष्टीत कुठं नव्हती.

तेव्हापासून विचार करते आहे. माझं मत असं झालं आहे, की आपल्या ख्रिस्ती घरांत कृपा हा शब्द आपण फार सैल हातानं वापरतो आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या खिशातून देतो. मुलगा दारू पिऊन आला, तर सुनेला सांगायचं, "प्रीती सगळं सहन करते, बाई." भावानं फसवलं तर फसलेल्याला सांगायचं, "तू ख्रिस्ती आहेस ना, सोडून दे." सांगणाऱ्याचं काहीच जात नाही. जातं ते सुनेचं, धाकट्याचं, जो घरात मोठ्यानं बोलू शकत नाही त्याचं. ही कृपा नाही. घरातला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे. आणि हे फक्त आमच्याच घरांत चालतं असं नाही. इतर घरांत त्याला "घराण्याची अब्रू" म्हणतात, आम्ही त्याला शुभवर्तमानाचे कपडे घालतो इतकंच.

लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट पुन्हा नीट वाचली. बाप धाकट्यासाठी जे खर्च करतो ते स्वतःचं करतो. अपमान स्वतः गिळतो. आणि थोरला रागावतो तेव्हा त्याला "तू कसला रे मनाचा कोता" असं म्हणून बाहेर ठेवत नाही. स्वतः उठून त्याच्याकडे जातो, त्याचं ऐकून घेतो. आजीनं हे केलं, याबद्दल मी आजही तिच्यापुढं हात जोडते. ती ओट्यापर्यंत गेली. फक्त स्वयंपाकघरापर्यंत गेली नाही.

आणखी एक माणूस आठवतो, जक्कय. प्रभू येशू त्याच्या घरी जेवायला गेला तेव्हा त्यानं अजून एक पैसाही परत केला नव्हता. आधी कृपा आली. पण त्यानंतर जक्कय उभा राहिला आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायचं बोलला. म्हणजे कृपेनं हिशेब पुसला गेला नाही, हिशेब करायची हिंमत आली. आपल्या मराठी प्रार्थनेत क्षमा मागताना शब्दच 'ऋण' असा आहे. ऋण सोडणं म्हणजे ऋण होतं हे आधी कबूल करणं. आणि ज्याचं ऋण आहे त्यानंच ते सोडायचं असतं, शेजाऱ्यानं नव्हे.

याबाबतीत मला लक्ष्मीबाई टिळकांचा मोठा आधार वाटतो. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईचं सगळं जग उलटंपालटं झालं. पुढं काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. मग एकत्र आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या डोक्यानं विचार केला आणि 1900 साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांच्या घरात किती तरी परकी मुलं वाढली. बालकवी ठोमरेही त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले, आणि हिंदूच राहिले. एवढं प्रेम दिलेल्या बाईनं 'स्मृतिचित्रे' लिहिताना नवऱ्याचा राग, हट्ट, त्यांच्या हातात न टिकणारा पैसा यातलं काही लपवलं नाही. टिळकांवर त्यांचं प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्यांचं प्रेम खोटं बोलत नाही. सगळं सांगून, वर हसून, मग माया करतं. माझ्या मते मराठी ख्रिस्ती घराला कृपेचा याहून चांगला धडा मिळणार नाही.

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते.

आजी गेली, बाबा गेले, काकाही गेले. काकांनी नंतर मुंबईत नोकरी धरली होती. बाबांना थोडे थोडे करून दीड हजार परत पाठवले, पुढं जमलं नाही आणि बाबांनीही मागितलं नाही. गोकुलगंजचं घर अजून आजोबांच्या नावावर. आता ते विकायचं ठरलं आहे. काकांचा मुलगा नालासोपाऱ्याला राहतो, दोन मुली शिकताहेत. कायद्यानं त्याचा अर्धा वाटा. दादाचं म्हणणं, "त्याच्या बापानं आपला वाटा 1971 सालीच उचलला. राहिलेले अडीच हजार आजच्या भावानं धर आणि कापून घे." दादा वाईट माणूस नाही. बाबांचे झिजलेले बूट त्यानं पाहिलेत, त्या पाच वर्षांत त्याची सायकल आली नाही. त्याचा राग खरा आहे. मला आधी वाटलं, दादाला उपदेश करावा, उधळ्या पुत्राची गोष्ट सांगावी. मग जीभ चावली. पुन्हा तेच होणार होतं, दुसऱ्याच्या खिशातली कृपा.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं आईजवळ बसलो. आई आता चौऱ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख. दादानं सगळं समजावलं. मी म्हटलं, "आई, बांगड्या तुझ्या गेल्या. तू सांग."

आई बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "आज ते सोनं किती रुपयांचं झालं असतं?" दादानं आकडा सांगितला. आई हसली. म्हणाली, "बापरे. इतकं मी कधी कुणाला दिलं नव्हतं." मग म्हणाली, "त्याला पूर्ण वाटा द्या. त्या पोरींनी माझं काय घेतलंय? पण कागदावर सही करायला तो येईल तेव्हा त्याला माझ्यासमोर बसवा. बांगड्यांची गोष्ट मी त्याला सांगणार. ओरडणार नाही. त्याला ठाऊक असावी."

दादा उठून ओट्यावर गेला. थोड्या वेळानं मीही गेले. तो म्हणाला, "मला अजून पटलेलं नाही." मी म्हटलं, "नको पटू दे. तुझी सायकलसुद्धा त्याला सांग." त्यावर तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी चुलतभावाला फोन त्यानंच केला. नाताळच्या आधी ये म्हणून.

काय होईल माहीत नाही. चुलतभाऊ ऐकून घेईल की रागावून उठेल, सांगता येत नाही. आईच्या मनातलं ओझं त्या एका बैठकीनं उतरेल असंही मी म्हणत नाही. पण पन्नासहून जास्त वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात जिचं ऋण होतं तिनं स्वतःच्या तोंडानं ते सोडलं. 1978 च्या त्या रात्री जे ताट वाढलं गेलं त्यातली कृपा खोटी नव्हती. ती अर्धी होती. उरलेली अर्धी आईच्या हातात अडकली होती आणि आम्ही तिकडे पाहिलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. घरात कुणाला माफ करायची वेळ आली, की आधी बघा, नुकसान नेमकं कुणाचं झालंय. त्या माणसाला विचारा. तो "नाही" म्हणाला तर "नाही" ऐकायची तयारी ठेवा, वचनं तोंडावर मारू नका. देवानं आपल्यावर प्रीती केली ती त्याच्या स्वतःच्या किमतीवर. आपल्याला कृपा करायची असेल तर आपणही आपल्या खिशात हात घालावा. दुसऱ्याच्या हातातल्या बांगड्या मोजू नयेत.

तुमच्या घरात, धर्म कुठलाही असो, अशी कुणी आई, काकू, वहिनी असेल जिला कधी विचारलंच गेलं नाही, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ जरा बसा. ती लसूण सोलत असेल तर तुम्हीही चार पाकळ्या सोला. बोलेल ती.