परीक्षक ऐकतो, बघत नाही

‘‘सांधे चाचपत बसायचे दिवस गेले. आरए फॅक्टर आहे, अँटी-सीसीपी आहे, सोनोग्राफी आहे, एमआरआय आहे. शिवाय संधिवात हा सुपरस्पेशालिटीवाल्यांचा प्रांत. एमबीबीएसच्या पोराला ताप, दमा, मधुमेह, सर्पदंश एवढं नीट जमलं तरी गंगेत घोडं न्हालं!’’ मेडिसिन शिकवणाऱ्यांच्या खोलीत चहाचा दुसरा कप येईपर्यंत हा युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो. तो करणारी माणसं कामचुकार नसतात, तुडुंब भरलेली ओपीडी उरकून आलेली असतात. म्हणून त्यांची थट्टा न करता एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

आधी रक्ताच्या तपासण्या. आरए फॅक्टर शंभरातल्या चार-पाच धडधाकट माणसांतही सापडतो. वय वाढलं की आणखी सापडतो. क्षय, कुष्ठरोग, हेपॅटायटिस सी यांतही तो पॉझिटिव्ह येतो. उलट आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्या दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाची अँटी-सीसीपी निगेटिव्ह असते. गाउट, सोरायसिसचा संधिवात, मणक्याला धरणारा संधिवात यांच्या निदानाला तर या दोन्ही तपासण्या कामाच्या नाहीत. म्हणजे रिपोर्टचा अर्थ लावायचा तर सांधा खरोखर सुजला आहे की नुसताच दुखतो, हे आधी ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक नसलं की काय होतं, हे एएसओ टायटरने (घशाच्या जंतुसंसर्गाची रक्तातली खूण) आपल्याकडे पुरेसं दाखवून दिलं आहे. मुलीचे पाय दुखतात म्हणून रक्त तपासलं, एएसओ वाढलेला आला आणि रुमॅटिक फीव्हर समजून, हृदयात दोष नसताना, सांध्याला सूज नसताना, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू. वर्षानुवर्षं. ते दुखणारं इंजेक्शन घेऊन आलेल्या मुली कुठल्याही संधिवाततज्ज्ञाच्या ओपीडीत भेटतात. त्यांचे घोटे आणि गुडघे सुरुवातीलाच कुणी नीट दाबून पाहिले असते तर यातली कित्येक इंजेक्शनं टळली असती.

‘निकष आता रक्तावरच चालतात’ असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटनांनी 2010 साली मिळून केलेले आमवाताचे वर्गीकरण-निकष काढून बघा. (ते मुळात संशोधनासाठी आहेत, पण वाद घालणारे त्यांचाच दाखला देतात.) एकूण गुण 10. त्यांतले जास्तीत जास्त 5 कोणते आणि किती सांधे धरले आहेत यावर, रक्तातल्या अँटिबॉडीजना फार तर 3. आणि गुण मोजायला बसण्याआधीची अट अशी, की निदान एका सांध्याच्या अस्तराला आलेली सूज डॉक्टरला तपासताना निश्चित आढळली पाहिजे. प्रवेशद्वारच हाताने उघडायचं आहे.

राहिली सोनोग्राफी. ती उत्तम आहे, सांध्यातली सूज ती हातापेक्षा लवकर पकडते, हे मान्य. पण कुठला सांधा बघायचा हे कुणीतरी ठरवावं लागतं. शिवाय आपल्याकडे सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवावं लागतं. स्टेथोस्कोपसारखं ते गळ्यात अडकवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेता येत नाही, आणि त्या कायद्यामागचं कारण बघता नेता येऊही नये.

दुसरा मुद्दा सुपरस्पेशालिटीचा. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली घरोघर पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढांत सुमारे 18 टक्के लोकांना सांधे, स्नायू, कंबर, मान यांपैकी कशाचा ना कशाचा त्रास निघाला. आमवात दर दोनशे माणसांत एकाला. दर पाच-सहा माणसांमागे एकाची तक्रार जर सुपरस्पेशालिटीत मोडत असेल, तर जनरल प्रॅक्टिसमध्ये उरलं काय?

वेळेचा हिशेबही लक्षात घ्या. युरोपीय संघटनेची शिफारस आहे की सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञासमोर पोचावा, आणि रोग चिवट ठरण्याची लक्षणं असतील तर तीन महिन्यांच्या आत मूळ रोगावरचं औषध सुरू व्हावं. भिगवण ज्यात येतं त्या इंदापूर तालुक्यातल्या बाईला त्या वेळेत तज्ज्ञाकडे पाठवणार कोण? गावातला डॉक्टर. ‘वात आहे, वयोमानाने होतं’ म्हणून दुखणं थांबवायची गोळी देणाराही तोच. त्या गोळीत स्टेरॉइड असेल तर आठवडाभर बरं वाटतं आणि सहा आठवडे पाहता पाहता निघून जातात.

हे सगळं पटलं तरी शिक्षक म्हणतात, ‘‘आम्ही शिकवतो की! अभ्यासक्रमातच आहे.’’ आहे, अगदी शब्दशः आहे. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात सांधे, स्नायू आणि त्वचा यांची पद्धतशीर तपासणी करता आली पाहिजे असं नोंदवलं आहे. पण विद्यार्थी अभ्यासक्रम वाचून अभ्यास करत नाहीत. परीक्षेला काय येतं ते सीनियरला विचारून करतात, आणि सीनियर खोटं सांगत नाही.

आता ती परीक्षा जवळून बघू. मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला लाँग केस म्हणजे बहुधा अर्धांगवायू, पोटातलं पाणी, छातीतलं पाणी किंवा हृदयाची झडप. केस लिहिण्याचा साचा ठरलेला: जनरल एक्झामिनेशन, मग सीव्हीएस (हृदय), आरएस (श्वसन), पीए (पोट), सीएनएस (मेंदू-मज्जासंस्था). चार मथळे. सांध्यांना मथळाच नाही. पुढे इंटर्न झाल्यावर ‘एस-वन एस-टू नॉर्मल, आरएस क्लिअर, पीए सॉफ्ट, कॉन्शस ओरिएंटेड’ असं जे झोपेतही लिहिलं जातं, त्याचं मूळ इथे आहे. आणि हे केवळ आपल्याच देशाचं दुखणं नाही. 1990 च्या सुमारास इंग्लंडमधल्या संधिवाततज्ज्ञांनी वॉर्डातले केसपेपर चाळले, तेव्हा हृदय-फुप्फुसांची नोंद जवळपास प्रत्येक कागदावर होती, सांध्यांची अगदी थोड्यांवर.

खरी गोम पुढेच आहे. विद्यार्थी तासाभरासाठी रुग्णाजवळ एकटा असतो. परीक्षक तेव्हा दुसऱ्या खाटेपाशी, नाही तर व्हायव्हाच्या टेबलावर. मग तो येतो आणि विद्यार्थी ‘केस प्रेझेंट’ करतो. सुजलेल्या सांध्यांची यादी सुरेख म्हणतो. ती त्याने हाताने मिळवली, रुग्णाला विचारून मिळवली की बाहेर उभ्या असलेल्या मित्राकडून, हे परीक्षकाला कळायला मार्ग नाही. परीक्षक ऐकतो, बघत नाही. आपण वक्तृत्वाची परीक्षा घेतो आणि तिला प्रात्यक्षिक म्हणतो.

एकदा बघा म्हणजे कळेल. विद्यार्थ्याला सांगा, या बाईंच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे तपास. दहांतले निम्म्याहून अधिक जण मूठ वळल्यावर वर येणारं हाड दाबतात. सांध्याची फट त्या उंचवट्याच्या किंचित पुढे, नखाच्या बाजूला असते. बोट थोडं वाकवून खालून दोन्ही तर्जनींचा आधार द्यायचा, वरून दोन अंगठे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे, आणि स्वतःच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकाच दाब द्यायचा. नजर बोटावर नाही, बाईंच्या चेहऱ्यावर. आमवाताची सूज पिकल्या द्राक्षासारखी दबते. झिजेमुळे शेवटच्या पेरावर येणारी गाठ सुपारीसारखी टणक लागते. हा फरक एकदा बोटांना कळला की जन्मभर विसरत नाही. पण तो कळावा म्हणून कुणीतरी शेजारी उभं राहून ‘तिथे नाही, थोडं पुढे’ असं म्हणायला हवं. दोनशे बहुपर्यायी प्रश्नांच्या नीट-पीजीत हे विचारता येत नाही, आणि इंटर्नशिपचं वर्ष ज्याने वाचनालयात काढलं त्याला ते कधीच शिकायला मिळत नाही.

यावर उपाय म्हणून ओस्की सुचवली की जुने शिक्षक भडकतात. रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली स्कॉटलंडमधल्या डंडीत ही पद्धत मांडली: ठरावीक मिनिटांची टेबलं, प्रत्येक टेबलावर एक काम आणि समोर बघणारा परीक्षक. आक्षेप असा, की चेकलिस्टवर खुणा करत पोरं यंत्रं होतात. ‘मी हात धुतले, मी ओळख करून दिली, मी परवानगी घेतली’ असं पोपटासारखं म्हणतात आणि रुग्ण कळवळला तरी त्यांचं लक्ष नसतं. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याने चेकलिस्ट बाद होते, डोळ्यांसमोर तपासायला लावणं बाद होत नाही. जाणत्या परीक्षकाने दिलेला एकंदर शेरा चेकलिस्टइतकाच, कधी त्याहूनही विश्वासार्ह असतो, असं त्यानंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा खुणा कमी करा आणि परीक्षकाला मत द्यायला लावा. शिवाय एकाच लाँग केसवर पास-नापास ठरवणं म्हणजे नशिबाचा खेळ. सोपा रुग्ण मिळाला तो तरला. त्यापेक्षा वर्षभर वॉर्डात दहा-पंधरा मिनिटांची पाच-सहा निरीक्षणं बरी. अमेरिकेत 1995 मध्ये जॉन नॉर्सिनी यांनी मांडलेली मिनी-सीईएक्स नावाची पद्धत हेच करते: खरा रुग्ण, खरी ओपीडी, शिक्षक बघतो आणि लगेच चार शब्द सांगतो. लॉगबुकात सबमिशनच्या आदल्या रात्री गोळा केलेल्या सह्यांपेक्षा ते चार शब्द मोलाचे.

‘वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न खरा असला तरी वाटतो तितका मोठा नाही. ब्रिटनमध्ये 1992 साली ‘गॅल्स’ ही चाळणी-तपासणी तयार झाली: चाल, हात, पाय, कणा. आधी तीन प्रश्न: कुठे दुखतं-आखडतं का, कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. मग काही हालचाली करून घ्यायच्या. सरावाने दोन-तीन मिनिटांत उरकतं. आपल्या ओपीडीत त्यात भर घालावी: भाकरी थापता येते का, अंबाडा बांधायला हात वर जातात का, मांडी घालून बसल्यावर आधाराशिवाय उठता येतं का. सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो, हे विचारायला तर दहा सेकंदही लागत नाहीत.

शिकवणार कोण, हा प्रश्न अधिक बोचरा. बहुसंख्य सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत संधिवाताचा स्वतंत्र विभाग नाही आणि लवकर होईलसं दिसत नाही. पण शिक्षक फक्त तज्ज्ञच असतो असं कुणी सांगितलं? ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये आमवाताच्या रुग्णांनाच प्रशिक्षण देऊन विद्यार्थ्यांना सांधे तपासायला शिकवायला लावलं. डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेल्यांशी तुलना केली तर ही मुलं मागे पडली नाहीत. ज्याचा सांधा आहे तो ‘जास्त दाबलंस’ आणि ‘अजून लागलाच नाहीस’ हे दोन्ही सांगू शकतो. कुठल्याही पुतळ्याला ते जमत नाही. भिगवणच्या पाहणीतही पहिली फेरी गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केली होती. वीस वर्षं आमवातावर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या, स्वतःच्या रोगाची खडान्खडा माहिती असलेल्या बायका आपल्या ओपीडीत आहेत. त्यांना मानधन द्या, सन्मानाने बोलवा आणि विद्यार्थ्यांसमोर शिक्षक म्हणून बसवा.

विद्यापीठांच्या परीक्षा मंडळांकडे मागणी एवढीच आहे: पदवी आणि पदव्युत्तर, दोन्ही प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याने एका तरी रुग्णाचे सांधे परीक्षकाच्या डोळ्यांदेखत तपासावेत, आणि ते जमलं नाही तर इतर केसच्या गुणांवर तो तरू नये. याला नवी इमारत लागत नाही, मशीन लागत नाही. परीक्षकाने व्हायव्हाच्या टेबलावरून उठून खाटेपर्यंत यावं लागतं, एवढंच.

आणि वाचकांनो, तुमची किंवा घरातल्या कुणाची बोटं सकाळी तासभर आखडत असतील आणि समोरचे डॉक्टर हात न लावताच रक्ताच्या तपासण्या लिहून देत असतील, तर ‘‘डॉक्टर, आधी जरा सांधे दाबून बघता का?’’ असं विचारायला संकोच करू नका.