दोन आठवड्यांची सेवा

अमेरिकेतील अनेक चर्चमधून तरुणांचे गट उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडा-दोन आठवड्यांसाठी मेक्सिको, होंडुराससारख्या देशांत जातात. तेथील चर्चच्या भिंती रंगवतात, मुलांचे शिबिर घेतात, दुभाष्यामार्फत बायबलमधील गोष्टी सांगतात आणि परततात. त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की या देवघेवीत बोलते कोण आणि ऐकते कोण?

मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे १९६८ साली इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनेच सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना बजावले होते, की त्यांनी पाहायला यावे, शिकायला यावे. मदत करायला मात्र येऊ नये. हे म्हणणे मला टोकाचे वाटते. शिबिरात जुळलेला स्नेह खोटा नसतो. पण भाषेची कसोटी टाळता येत नाही.

आपल्याकडे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ मध्ये. हेतू धर्मप्रसाराचाच होता आणि पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, हे विसरू नये. तरीही ते आज वाचले जाते, कारण त्यांनी आधी मराठीचे शिष्यत्व पत्करले आणि मग ओवी रचली.

प्रत्येकाला सदतीस वर्षे देता येणार नाहीत. पण दोन आठवड्यांतही शिष्य होता येते. शिबिर तिथल्याच तरुणांनी चालवावे आणि पाहुण्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे. ऐकणे हीसुद्धा सेवाच आहे. कदाचित अधिक अवघड.