चाळिशीतली ‘मुलं’

प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या बहुतेक निवासी संस्थांत दर्शनी भिंतीवर देणगीदारांचा फळा असतो. कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. त्या दिवशीचं गोडाचं जेवण त्यांच्याकडून. पानं वाढली की सगळे ओळीने प्रार्थना म्हणतात, पाहुणे फोटो काढतात आणि निघता निघता कुणीतरी म्हणतंच, ‘मुलं किती गोड आहेत हो!’ त्या ‘मुलां’पैकी एकाच्या मिशा पांढऱ्या झालेल्या असतात. दुसरीची पाळी जायला आलेली असते.

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्यात दुष्टावा नाही, पण संस्थेचा दर्जा मोजायची आपली सगळी मापं त्या एका शब्दाने बिघडवली आहेत. मूल म्हटलं की पोट भरलं, अंघोळ झाली, कुठे पडलं-झडलं नाही, की झालं. मोठ्या माणसाचं एवढ्यावर भागत नाही. त्याला स्वतःचं कपाट लागतं, त्याची किल्ली लागते आणि ‘आज मला झोप आलेली नाही’ हे रात्री आठ वाजता म्हणायची सोय लागते.

संस्थाचालकांचं यावरचं उत्तर ठरलेलं: ‘अनुदान वेळेवर येत नाही, मावश्यांचे पगार काढताना तोंडाला फेस येतो, तिथे कपाटाच्या किल्ल्या कसल्या मागता? आधी पैसा द्या.’ तंगी खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण पैसा आला की दर्जा आपोआप येतो, हे मात्र खोटं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं. तिथे एका माणसामागे आठवड्याला सरासरी 3,500 पौंड मोजले जात, आणि तेही सरकारी तिजोरीतून. 2011 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने छुपा कॅमेरा आत नेला तेव्हा दिसलं की कर्मचारी रहिवाशांना मारताहेत, जमिनीवर दाबून धरताहेत, कपड्यांसकट थंड पाण्याखाली ढकलताहेत. अकरा जण दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. तिथल्याच एका वरिष्ठ परिचारकाने आधी व्यवस्थापनाकडे आणि मग नियामकाकडे तक्रार केली होती. ती कागदातच राहिली.

‘मग तपासणी कडक करा, सीसीटीव्ही लावा,’ असं दुसरे सुचवतात. तेही करून झालं. विंटरबोर्ननंतर इंग्लंडने तपासणीची पद्धत बदलली, शेरे द्यायला सुरुवात केली. तरीही 2019 मध्ये डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉलमध्ये त्याच ‘पॅनोरामा’ला तसलंच चित्र दिसलं, आणि त्या जागेला आधी ‘चांगली’ असा शेरा मिळालेला होता. तपासनीस सांगून येवो वा न सांगता, तो दोन दिवसांचा पाहुणा. कॅमेरा थप्पड टिपेल. पण आठला सरसकट दिवे मालवले जातात, ही गोष्ट कॅमेऱ्यालाही शिस्तच वाटेल.

खरा अडसर तिसऱ्या युक्तिवादात आहे: ‘त्यांना काय कळतं? त्यांचं भलं आपणच पाहायचं.’ या भलेपणाची परिसीमा आपण महाराष्ट्रातच पाहिली आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही. स्त्री-संघटना खवळल्या, देशभर गदारोळ झाला. पण शस्त्रक्रिया करवणाऱ्यांना आपण काही वावगं केलं असं वाटलंच नव्हतं. गैरसोय काळजी घेणाऱ्यांची होती, सुरी त्या मुली-बायकांवर चालली. पुढे 2009 मध्ये, चंदीगडच्या सरकारी नारी निकेतनात बलात्कार झालेल्या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की सौम्य बौद्धिक अक्षमता असली तरी गर्भपाताला तिची संमती लागेल. मूल ठेवायचं की नाही हे जिला विचारायचं, तिला भाजी कुठली हवी हे विचारायला आपली जीभ का अडखळते?

आता उलट बाजूचे. ‘संस्थाच नकोत, माणसाने घरी राहावं,’ असं ते तत्त्व म्हणून सांगतात. दिव्यांग हक्क कायदा, 2016 चं पाचवं कलमही समाजात राहण्याचा हक्क देतं आणि कुणावर विशिष्ट जागी राहण्याची सक्ती नको म्हणतं. पण अठ्ठ्याहत्तरीच्या आईला पन्नाशीच्या मुलासाठी ‘माझ्यामागे कोण?’ हा प्रश्न पडतो, तेव्हा कलम वाचून दाखवणं ही थट्टा ठरते. आणि ज्यांना घरच नाही त्यांचं काय? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी 123 बेवारस दिव्यांगांना स्वतःचं आडनाव दिलं. अठरा वर्षं भरताच अशांना बालगृहातून बाहेर काढणारा नियम बदला, हा धोशा त्यांनी वर्षानुवर्षं लावला. 2024 ला पद्मश्री मिळाली तरी तो थांबलेला नाही. (तिथे ‘मुलं’ म्हटलेलं मला खटकत नाही. बाप म्हणून कागदावर नाव लावणाऱ्याने म्हणावं.)

म्हणजे निवासी घरं लागणारच. माझं म्हणणं एवढंच, की ती खरोखर घरं हवीत. मुळशीतल्या कोळवणच्या खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ हे 1994 पासून करून दाखवतं आहे: मोठ्या सभागृहात ओळीने खाटा न टाकता छोट्या घरांतून एकत्र राहणं, घरकामात आणि शेतीत ज्याचा त्याचा वाटा. घर छोटं असलं की माणसाच्या सवयी ठाऊक होतात. ज्याला बोलता येत नाही त्याचं ‘नको’ मान फिरवण्यात असतं, ताट सरकवण्यात असतं. ते ओळखायला तीच मावशी दोन-तीन वर्षं तिथे टिकावी लागते. बारा तासांची पाळी आणि तुटपुंजा पगार असला की ती सहा महिन्यांत दुसरं काम धरते, आणि नव्या मावशीला ते ताट सरकवणं ‘त्रास देणं’ वाटतं. हा सगळा ज्ञानाचा साठा दर वेळी दाराबाहेर जातो. तेव्हा पैसा आला तर तो आधी इथे घाला, रंगरंगोटी आणि कमान राहू द्या.

मुलाला घेऊन जागा बघायला जाणाऱ्या आईवडिलांनी स्वयंपाकघर जरूर पाहावं. पण मग विचारावं: रात्री दहानंतर कोण असतं? गेल्या वर्षात किती मावश्या सोडून गेल्या? कपाटाची किल्ली कुणाकडे असते? आणि ज्या दिवशी फळ्यावर कुणाचंच नाव नसतं, त्या दिवशी गोड काय करायचं हे कोण ठरवतं?