पासपोर्ट आपला, फाईल मुलाकडे!

देशभरातले पासपोर्ट छापले जातात ते आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. पण नाशिकच्या किती जणींनी स्वतःचा पासपोर्ट नीट उघडून वाचलाय? गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, कुठेही जा, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन आलेली एक तरी आई भेटतेच. काहींच्या तीन-चार वाऱ्या झाल्यात. तरी तिकीट मुलगा काढणार, विमा जावई उतरवणार आणि फाईल ‘ह्यां’च्या बॅगेत! आपल्याकडे फक्त लाडवांचे डबे. मला हे मुळीच पटत नाही.

विम्याचंच घ्या. पाहुण्यांच्या आजारपणाचा खर्च अमेरिकेचं सरकार उचलत नाही. दवाखान्यात एक रात्र काढली, तरी बिल लाखांत जातं. आणि आपण काय करतो? फॉर्म भरताना बीपी, शुगर दडवतो. ‘आईला तसं काही नाही’, असं मुलगाच लिहून टाकतो, हप्ता कमी बसावा म्हणून. पुढे क्लेमच्या वेळी कंपनी जुने कागद मागते आणि हात वर करते. त्यात तिची चूक काढायला जागाच राहत नाही. जुना आजार बऱ्याच पॉलिसींमध्ये अजिबात धरत नाहीत, काहींमध्ये जिवावर बेतलं तरच धरतात. ते आधी विचारून घ्या. वर मोठ्ठा आकडा दिसतो, पण आत खोलीभाडं, ऑपरेशन, डॉक्टरची फी अशी वेगवेगळी मर्यादा असते का, सुरुवातीचे किती डॉलर आपल्या खिशातून जाणार, हेही बघा. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला निदान 30 हजार युरोंचा विमा लागतोच. तिथे बरेच जण व्हिसापुरता, सर्वांत स्वस्त कागद घेतात. शंभर जणांत वाटायच्या वाणासारखा!

औषधं पूर्ण मुक्कामाची न्या. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत.

आता तारखेचं. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी राहायची मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने. ती आय-94 या नोंदीत असते आणि इंटरनेटवर बघता येते. मुदत उलटून राहिलात, तर तो दहा वर्षांचा व्हिसाही हातचा जातो. तेव्हा ‘बारसं होऊ दे, मग निघ’ म्हणणाऱ्या लेकीला आधी तारीख दाखवा. अधिकारी ‘कशाला आलात?’ विचारतो. ‘मुलीला भेटायला, ती बाळंत होणार आहे’ एवढं खरं उत्तर पुरे. इंग्रजी अडलं तर हिंदी दुभाष्या मागायला लाजू नका.

डब्यांचंही सांगायलाच हवं. खसखस घातलेले डिंकाचे लाडू किंवा अनारसे घेऊन दुबईला उतरणार असाल, तर थांबा. तिथे खसखशीला बंदी आहे आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. नुसतं विमान बदलायचं असलं, तरी मी तरी ही जोखीम घेणार नाही. डिंकाचा लाडू खसखशीशिवायही होतो. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात चालत नाही, त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून. अमेरिकेत ताजा कढीपत्ता, फळं, बी-बियाणं नेऊ नका. खाण्याचं काहीही असलं तरी फॉर्मवर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्याला दंड बसतो.

राहिली मुंबई. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटाची धास्ती कमी झाली. पण पावसाळ्यात भिवंडी-ठाण्याच्या पुढे गाडी कधी अडकेल, सांगता येत नाही. विमान रात्री दोनचं असेल, तर दुपारीच निघा. गुडघे दुखत असतील, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. त्याचे पैसे पडत नाहीत, आणि ती ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतूनही सोबत येतो. मात्र पासपोर्ट, पॉलिसीची प्रत आणि मुलीचा फोन नंबर कागदावर लिहून, पर्समध्ये. ह्यांच्या बॅगेत नव्हे.