तारखेचे घड्याळ घेताय? तारीख आधी सरकवून बघा

मुंबईच्या चोरबाजारात तारीख दाखवणारे जुने अमेरिकन भिंतीचे घड्याळ दिसले की भल्याभल्यांचा हात खिशाकडे जातो. जरा दमाने घ्या. ही घड्याळे दोन जातींची असतात आणि साध्याला भारीचा भाव लावणारे कमी नाहीत.

साध्या घड्याळाला एकच तबकडी. तासांच्या आकड्यांबाहेर १ ते ३१ चे वर्तुळ आणि त्यासाठी वेगळा काटा. अन्सोनिया, वॉटरबरी, सेशन्स या कारखान्यांनी अशी घड्याळे भरपूर काढली. आतल्या ३१ दातांच्या चाकाला चोवीस तासांत एक धक्का बसतो, एवढीच करामत. महिना तीसचा की एकतीसचा, हे त्याला कळत नाही. वर्षातून पाचदा काटा आपणच पुढे न्यायचा.

भारी घड्याळाला बहुधा दोन तबकड्या. खालची तारखेची, तिच्यातल्या खिडक्यांतून वार आणि महिना दिसतो. हेन्री हॉर्टनच्या पेटंटवर १८६८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी यासाठी कंपनीच निघाली. ही यंत्रणा २९ फेब्रुवारीसुद्धा स्वतः सांभाळते. (२१०० साली मात्र फसेल, कारण ते लीप वर्ष नाही. ती काळजी पतवंडांवर सोडू.)

घेण्याआधी विक्रेत्याला काटे पुढे फिरवून रात्रीचे बारा ओलांडायला लावा. तारीख जागची हलली नाही, तर आतले भाग गायब असू शकतात, आणि ते सहजी मिळत नाहीत. पेटी काळवंडलेली आणि तबकडी मात्र कोरी करकरीत, तर कागद नवा डकवलेला समजा. साध्या घड्याळावर तारखांचा छापील कागद लावणे काही अवघड नाही. त्यापेक्षा डागाळलेली, पिवळी पडलेली पण मूळची तबकडी कधीही बरी. पेटीच्या आतबाहेर कारखान्याचे कागदी लेबल शिल्लक असेल, तर ते पुसायच्या भानगडीत पडू नका.

घरी आणल्यावर काटे उलटे फिरवू नका. तारीख भर दुपारी बदलत असेल तर तो बिघाड नव्हे. काटे बारा तास पुढे न्या, झाले. खोबरेल तेल तर चुकूनही घालू नका, ते थंडीत गोठते. आणि कृपा करून, बंद पडले म्हणून मूळ मशीन काढून सेलवरचे बसवू नका. दुरुस्तीला देताना पेटी उघडून आतल्या भागांचे फोटो काढा आणि बदललेला प्रत्येक भाग परत मागून घ्या.