खारपाणपट्ट्याचे निदान आणि मृदा आरोग्य पत्रिका

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेली खारपाणपट्ट्याची जमीन वरवर पाहता विदर्भातील कोणत्याही कसदार काळ्या जमिनीसारखीच दिसते. तरीही चांगला पाऊस होऊन गेल्यावर तिच्यावर गढूळ पाणी साचून राहते आणि हातभर खालची माती मात्र पुरेशी ओलावत नाही. विहिरीचे पाणी खारे असल्याने ओलिताचा मार्गही बहुतांशी बंद आहे. त्यामुळे पावसाचे पाणी मुरणे, हाच येथील शेतीचा आधार ठरतो. ते का मुरत नाही, याचे नेमके निदान करणे ही अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था यांच्याशी संबंधित संशोधकांची मोलाची कामगिरी आहे.

मातीच्या सूक्ष्म कणांनी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम ही मूलद्रव्ये धरून ठेवलेली असतात. त्यांत सोडियमचा वाटा किती, हे सांगणाऱ्या आकड्याला विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी म्हणतात. ही टक्केवारी १५ च्या वर गेली की जमीन चोपण समजावी, हा अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५४ साली मांडलेला निकष पुढे सर्वत्र रूढ झाला. पूर्णा खोऱ्याच्या अभ्यासातून मात्र, ५ च्या आसपासच येथील जमिनीची घडण बिघडू लागते, असे १९९६ साली पुढे आले. निमकोरड्या हवामानात मातीतील विरघळलेले कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने घट्ट होऊन बसते, सोडियमचा वाटा आपोआप वाढतो, फुगीर चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि बारीक छिद्रे बुजतात. कापसाचे उत्पादन आणि संपृक्त जलवाहकता, म्हणजे पूर्ण भिजलेल्या मातीतून पाणी पुढे सरकण्याचा वेग, यांचे नाते २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले; ताशी १० मिलिमीटरच्या खाली आलेला वेग हे जमिनीच्या ऱ्हासाचे लक्षण मानले जाते.

एवढे स्पष्ट निदान हाती असूनही ते शेतकऱ्याच्या हातातील कागदावर उतरलेले नाही, ही खेदाची बाब आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये असे १२ घटक आहेत. सोडियमची टक्केवारी त्यांत नाही आणि जलवाहकताही नाही. विद्युत वाहकता केवळ विद्राव्य क्षार मोजते. ती कमी आली म्हणून चोपणपणा नाही, असे होत नाही. परिणामी ज्या जमिनीचे दुखणे पाणी न मुरण्याचे आहे, तिला खतांच्या मात्रांचा सल्ला मिळतो.

उपाय अज्ञात नाहीत. जिप्सम मातीला कॅल्शियम पुरवते आणि त्याने हटवलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली वाहून जातो; ढैंचासारखे हिरवळीचे खत घडण सुधारते, चर निचऱ्याला मदत करतात आणि शेततळे गोडे पाणी राखून ठेवते. परंतु जिप्समची मात्रा जमिनीतील सोडियमवरच ठरते, म्हणून तो न मोजता दिलेली शिफारस हा अंदाज असतो. शिवाय निचऱ्याची वाट नसेल, तर सुटलेला सोडियम जागीच राहतो.

प्राथमिक परीक्षा तर शेताच्या बांधावरही होऊ शकते. मातीचे वाळलेले लहान ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात न हलवता ठेवावे. काही तासांत त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर कण सुटू लागले आहेत असे समजून नमुना सविस्तर तपासणीसाठी पाठवावा. तिन्ही जिल्ह्यांतील मृदा चाचणी प्रयोगशाळांनी या खोऱ्यातील प्रत्येक अहवालात विनिमययोग्य सोडियमची एक ओळ वाढवावी आणि कृषी अधिकाऱ्यांनी ती वाचूनच शिफारस करावी, अशी या मासिकाची आग्रहाची विनंती आहे.