राष्ट्रीयत्वाची मुदत

अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे १७९५ च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, हे आमच्या वाचकांस शाळेपासून ठाऊक आहे. त्यानंतरही दीर्घकाळ खर्ड्यापासून काही मैलांवर निजामाची हद्द लागत असे. इकडची लेक पलीकडे दिली की तिचे सासर परक्या राज्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पुढे राज्यघटनेने दोन्हीकडच्या लोकांस एकाच देशाचे नागरिक ठरविले. त्यासाठी सामान्य रयतेस अर्ज करावा लागला नाही, की कचेरीच्या दारी तिष्ठावे लागले नाही.

हे भाग्य सर्वांच्याच वाट्यास येते असे नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. जे स्वतः, किंवा ज्यांचे आईबाप वा आजेआजोबा, मुक्तीपूर्वी तेथे जन्मले होते, ते २८ मार्च १९६२ च्या आदेशाने भारताचे नागरिक ठरले. पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावयाचे होते. तसे कळविणारे फादर मोंतेरो परदेशी नागरिक म्हणून गोव्यातच राहिले. त्यांच्या वास्तव्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली. ती त्यांनी वाढवून मागितली नाही. त्यांच्यावर खटला होऊन शिक्षा झाली व १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाने कायदा पाहिला, आणि तेच त्याचे काम. आमचा प्रश्न निराळा आहे. जन्माचा निर्णय घेण्यास एक महिना पुरतो काय?

आज हा प्रश्न मध्यमवर्गाच्या घराघरांत आला आहे. मुले परदेशी स्थायिक होतात व तेथील नागरिकत्व घेतात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम स्पष्ट आहे : स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. पासपोर्टवर चार वर्षे शिल्लक दिसतात, म्हणून तो चालतो असे नव्हे. तो परत करून दाखला घ्यावयाचा, नव्या देशाचा पासपोर्ट काढावयाचा, मग व्हिसा किंवा ओसीआय म्हणून नोंदणी मागावयाची. या मधल्या काळात जुना पासपोर्ट हाती असून निरुपयोगी असतो. नेमक्या त्याच दिवसांत आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तर मुलाने काय करावे? तातडीचा व्हिसा मागावयाचा तरी नवा पासपोर्ट हाती हवा.

म्हणून शपथेचा दिवस ठरविण्यापूर्वी शेवटचा कागद केव्हा मिळेल याचा अंदाज घ्यावा व तेथून मागे मोजत यावे. घरातील लग्नकार्य किंवा वडिलांची शस्त्रक्रिया त्या मधल्या काळात येऊ देऊ नये. ओसीआय झालेल्यास येथे मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही घरात आधीच बोलून घ्यावे.

परंतु सारा उपदेश नागरिकासच करणे न्यायाचे नाही. ९ जानेवारी २०१५ रोजी पीआयओ योजना ओसीआयमध्ये विलीन झाली आणि जुनी कार्डे बदलून घेण्याची मुदत पुढे वारंवार वाढवावी लागली. जी मुदत पुन्हापुन्हा वाढवावी लागते ती मुळातच अपुरी असते. जो वाढीच्या भरवशावर राहतो तो निभावतो आणि जो पहिल्या तारखेस भिऊन धावपळ करतो तो खर्चात पडतो, हा कोणता न्याय? नियम बदलावयाचा तर पुरेशी पूर्वसूचना द्यावी. ज्याने अर्ज वेळेत दिला त्याला कचेरीच्या विलंबाचा भुर्दंड पडू नये. प्रत्येक टप्प्यास किती दिवस लागतील हे सरकारने जाहीर करावे व पाळावे.

खर्ड्याजवळची सीमा पुसली गेली तेव्हा माणसे आपापल्या घरीच होती. आजची सीमा माणूस स्वतः ओलांडतो. त्याने ती तारखा पाहून ओलांडावी. आणि राज्यकर्त्यांनी त्या तारखा माणूस पाहून ठरवाव्यात.